दोषी सापडला, दोष राहिला

(प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण शिकविताना वर्गात हमखास हशा पिकतो. मुले हसतात, कारण अंगण मुके असते. त्याला आपली बाजू मांडता येत नाही, आणि नाचणाऱ्याचे पाय तर सर्वांना दिसत असतात. व्यवहारात मात्र अंगणाच्या जागी बहुधा एखादा माणूस उभा असतो. तो गप्प राहत नाही. आपले बोट तिसऱ्याकडे वळवितो, आणि तिसरा चौथ्याकडे. तेथे कोणालाही हसू येत नाही.

पाचवीत आलेल्या मुलाला साधा मजकूर वाचता येत नाही असे आढळले, म्हणजे ही साखळी कशी हलू लागते हे कोणत्याही गावात पाहावे. माध्यमिक शाळेचे शिक्षक प्राथमिक शाळेकडे बोट दाखवितात, प्राथमिक शाळेत वरच्या वर्गाचे शिक्षक पहिलीच्या शिक्षकाकडे, पहिलीचे शिक्षक घराकडे, घर शाळेकडे, आणि अखेर सर्व मिळून शासनाकडे. यांतील एकही विधान सर्वस्वी खोटे नसते, हीच खरी अडचण आहे. पहिलीत पाया कच्चा राहिलेला असतो. घरी पुस्तक उघडले जात नाही, हेही खरे. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात आणि शिवाय माहिती भरून पाठविण्याचे तक्ते असतात, हे तर सर्वांस ठाऊकच आहे. आरोप निव्वळ खोटा असता तर तो लवकरच गळून पडला असता. तो अर्धा खरा असतो म्हणून टिकतो. आणि तो टिकतो तोवर मूल वाचावयास शिकत नाही.

ही खोड केवळ शाळेची, किंवा अल्पशिक्षितांची, असे समजण्याचे कारण नाही. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, नामांकित वैद्य आणि एक प्रबळ सरकार यांच्या हातूनही नेमके हेच घडले. ते उदाहरण मुंबईतील प्लेगच्या काळातले आहे. त्यात दोषी शोधण्याचे काम रीतसर पूर्ण झाले आणि दोष जेथे होता तेथेच राहिला. म्हणून ते जरा सविस्तर पाहावयास हवे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी काही रुग्णांच्या जांघेतील व काखेतील गाठी पाहून हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे असे ओळखले. रोगाचे नाव कळले. तो कसा पसरतो हे मात्र कोणासच ठाऊक नव्हते. आणि जेथे 'कसे' हे ठाऊक नसते तेथे 'कोणामुळे' याचे उत्तर फार झटपट मिळते. अधिकाऱ्यांनी गटारांना दोष दिला आणि समुद्राचे पाणी व कार्बोलिक आम्ल यांचे लोट त्यांतून सोडले. चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांना दोष दिला आणि ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली. लोकांच्या चालीरीतींना, त्यांच्या अडाणीपणाला, रोगी लपविण्याच्या वृत्तीला दोष दिला. लोकांनी रुग्णालयाला दोष दिला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही एवढेच त्यांना दिसत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. प्रत्येकाजवळ उत्तर होते आणि प्रत्येकाच्या उत्तरात दुसरा कोणीतरी होता.

धान्याच्या वखारींतून उंदीर मरून पडत होते, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर. परंतु उंदराला दोष देण्यात कोणाचेच समाधान होण्यासारखे नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीस प्रयोग करून दाखविले की, मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू प्लेगचे जंतू दुसऱ्या प्राण्यापर्यंत पोहोचविते. त्याच्या म्हणण्याकडे बहुतेक विद्वानांनी दुर्लक्ष केले. १९०५ नंतर मुंबईतच परळ येथे झालेल्या पद्धतशीर संशोधनाने ते खरे ठरविले. मधली सात वर्षे घरे धुण्यात आणि माणसे हुसकण्यात गेली. औषध फवारलेल्या घरातून उंदीर शेजारच्या घरात जातो आणि पिसवा त्याच्याबरोबर जातात, हे लक्षात आले तेव्हा साथ देशभर पसरून चुकली होती.

येथे एका शिक्षिकेचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलास आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले, आणि त्यातच रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगाचे कारण त्यांनाही ठाऊक नव्हते. मूल आजारी आहे आणि दवाखाना अमुक अंतरावर आहे, एवढे ठाऊक होते.

आता मूळ हकिगतीकडे वळावे. साथ सुरू होताच सरकारने वाल्डेमार हाफकिन या संशोधकास मुंबईस पाठविले. १८६० मध्ये ओडेसा येथे जन्मलेला हा रशियन ज्यू गृहस्थ, प्राणिशास्त्राचा अभ्यासक, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला. पटकीवरील लस त्याने १८९२ मध्ये सिद्ध केली आणि पुढल्या वर्षी तो हिंदुस्थानात आला. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक लहानशी जागा आणि मोजकी माणसे एवढ्या सामग्रीवर त्याने सुमारे तीन महिन्यांत प्लेगवरील लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस पूर्ण संरक्षण देणारी नव्हती, पण टोचलेल्यांत रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण बरेच कमी राहते असे आढळले. मागणी वाढली, प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि हजारो बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात (ते आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांपैकी काहींचे जबडे जखडू लागले. तो प्लेग नव्हता, धनुर्वात होता. एकूण १९ माणसे मरण पावली. चौकशीत आढळले की, या १९ जणांना टोचलेली लस एकाच बाटलीतील होती. त्या बाटलीवर ५३ एन असा क्रमांक होता. उरलेल्या ८८ जणांना दुसऱ्या बाटल्यांतील लस मिळाली होती आणि त्यांपैकी कोणासही धनुर्वात झाला नाही.

खेड्यातील १९ घरांवर कोसळलेला हा आघात लहान नव्हता. 'याला जबाबदार कोण?' असा प्रश्न उठणे स्वाभाविकच होते. सरकारने चौकशी मंडळ नेमले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे अध्यक्ष होते आणि दोन वैद्यकीय अधिकारी सदस्य होते. मंडळाने असा निष्कर्ष काढला की, बाटली मुल्कोवाल येथे उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच, दूषित झालेली असावी. हाफकिनने उत्पादन वाढविण्यासाठी लस करण्याची रीत बदलली होती आणि लसीत कार्बोलिक आम्ल घालणे सोडले होते. ती त्याची गंभीर चूक ठरविण्यात आली. हाफकिनला कामावरून दूर व्हावे लागले. १९०४ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला.

दोषी सापडला. तो फार सोयीचाही होता. तो परदेशी होता, ज्यू होता, वैद्यकाची पदवी नसलेला होता आणि सरकारी वैद्यकीय सेवेच्या बाहेरचा होता. काही वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्यास खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती. हाफकिनच्या प्रकरणाला पुढे 'छोटे ड्रेफस प्रकरण' असेही म्हटले गेले. मंडळाच्या सदस्यांनी जाणूनबुजून अन्याय केला असे मात्र म्हणता येत नाही. ते प्रामाणिक असावेत. परंतु त्यांच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या नावाने द्यावयाचे होते, आणि नाव हाती लागले की शोध थांबतो.

वास्तविक, जे घडले ते उलगडण्यास लागणारी माहिती चौकशीच्या कागदांतच होती. त्या दिवशी ५३ एन बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडविला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. गुराढोरांचा वावर असलेल्या जमिनीत तर विशेष असतात. ते इतके चिवट असतात की, औषधी पाण्यात एकदा बुडवून काढल्याने ते मरत नाहीत. त्यासाठी चिमटा ज्योतीत तापवावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, बाटली उघडल्यावर डॉक्टरांनी तिचा वास घेतला होता आणि त्यांस तो वेगळा वाटला नव्हता. बाटली सुमारे सहा आठवड्यांपूर्वी भरलेली होती. धनुर्वाताचे जंतू तीत तेव्हापासून वाढत असते तर दुर्गंधी लपली नसती. या दोन्ही गोष्टी साक्षीत नोंदविलेल्या होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून 'मग हे कसे घडले असेल?' असे विचारणे एवढेच बाकी होते.

ते विचारण्यास १९०७ साल उजाडले. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध ज्यांनी सिद्ध केला ते रोनाल्ड रॉस यांनी आणि त्यांच्याबरोबर काही नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स' पत्रात जुलै १९०७ मध्ये पत्र लिहून हा सर्व पुरावा मांडला. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिनवरील ठपका दूर झाला आणि त्याला पुन्हा हिंदुस्थानात बोलाविण्यात आले. पण परळला नव्हे, कलकत्त्यास. या पाच वर्षांत पंजाबातील टोचणीची मोठी मोहीम खुंटली, लोकांचा लसीवरील विश्वास उडाला, आणि एकट्या १९०७ या एका सालात हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली. त्यांत पंजाबचा वाटा सर्वांत मोठा होता. लस चालू राहिली असती तर ही सर्व माणसे वाचली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. काही निश्चित वाचली असती. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिनचे नाव देण्यात आले आणि ती संस्था आजही त्याच नावाने चालू आहे. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तो वारला.

ही हकिगत ऐकून पुष्कळांच्या तोंडून सहज निघेल की, म्हणजे खरा दोषी तो मदतनीस! येथेच थांबून विचार करावयास हवा. हाफकिनच्या डोक्यावरील ओझे उचलून मदतनिसाच्या डोक्यावर ठेवल्याने न्याय झाल्यासारखा वाटतो, पण काम तेवढेच राहते. त्या मदतनिसाने चिमटा पडलेला पाहिला, उचलला आणि आपल्या समजुतीप्रमाणे स्वच्छ केला. त्याच्या समजुतीत कार्बोलिकचे पाणी सर्व जंतू मारणारे होते. त्या काळी पुष्कळ शिकलेल्यांचीही तीच समजूत होती. खेड्यापाड्यांतून हजारो माणसांना टोचण्याच्या मोहिमेत चिमटा कोणाच्या ना कोणाच्या हातून पडणारच. मदतनीस बदलला तरी पडणार. तेव्हा विचारण्याजोगा प्रश्न असा होता: चिमटा पडला तर पुढे काय करावयाचे, हे प्रत्येकाला ठाऊक आहे काय? जवळ दिवा आहे काय? दुसरा चिमटा आहे काय? या प्रश्नांची उत्तरे कोणाच्याही अब्रूला धक्का न लावता देता आली असती, आणि पुढल्या खेड्यात ती उपयोगी पडली असती.

शाळेच्या कारभारातही असा 'पडलेला चिमटा' रोज कोठे ना कोठे असतो. हजेरीपटाचेच पाहावे. एखाद्या वर्गाची उपस्थिती कमी आहे असे दिसले की पालकांच्या उदासीनतेवर व्याख्यान सुरू होते. तोच हजेरीपट वारांप्रमाणे वाचला तर कधी असे दिसते की, गैरहजेरी सर्व दिवसांवर सारखी विखुरलेली नाही. ती बाजाराच्या वारी साचलेली आहे. त्या वारी आई बाजारास जाते आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मुलगी घरी राहते. कधी ती दिवाळीनंतरच्या महिन्यांत साचलेली असते. कारण कुटुंबच्या कुटुंब ऊसतोडणीस गेलेले असते. 'पालक उदासीन' या शब्दांत या दोन्ही गोष्टी बुडून जातात. वस्तुतः पहिलीचा उपाय एक, दुसरीचा अगदी निराळा. पहिलीत धाकट्या भावंडाला अंगणवाडीत बसविण्याची सोय त्या एका दिवसापुरती नीट लावता येते काय, हे पाहावयाचे. दुसरीत मूल आजी-आजोबांजवळ राहू शकेल काय, हंगामी वसतिगृहाची सोय मिळेल काय, हे मजुरांच्या गाड्या निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारासच विचारावयाचे. गाड्या गेल्यावर विचारले तर उत्तर देण्यास घरी कोणी नसते.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हे सर्व विवेचन शिक्षकाच्याच गळ्यात पडावयाचे. दुसऱ्यास दोष देऊ नये याचा अर्थ प्रत्येक गोष्टीचा भार आपल्याच खांद्यावर घ्यावा असा नाही. वर्गाचे छप्पर गळते ते शिक्षकाच्या आत्मपरीक्षणाने बुजत नाही. शिक्षकाचे पद दोन वर्षे रिकामे राहते, त्याला उरलेल्या शिक्षकाची तळमळ हे उत्तर नव्हे. ज्याच्याकडे ते काम आहे त्याच्याकडे ते मागितलेच पाहिजे. लेखी मागितले पाहिजे, पुन्हा मागितले पाहिजे. मात्र 'शासन लक्ष देत नाही' हा उद्गार आणि 'दक्षिणेकडील वर्गाची अमुक इतकी कौले फुटली आहेत, पाऊस लागताच तिसरीची मुले व्हरांड्यात बसवावी लागतात' हा अर्ज, यांत फार अंतर आहे. पहिल्यात गाऱ्हाणे आहे. दुसऱ्यात सुताराने शिडी लावावयाची जागा आहे. गाऱ्हाण्याला कोणी उत्तर देत नाही म्हणून रागावण्यात अर्थ नसतो. त्याने काही विचारलेलेच नसते.

कार्यालयांनीही या बाबतीत आपला हात स्वच्छ आहे असे मानू नये. निकाल घसरला की शाळेकडे जाणारे पहिले पत्र पुष्कळदा खुलासा मागविणारे असते. खुलासा मागविला की खुलासा येतो. त्यात सहसा पाऊस, यात्रा, साथीचे आजार आणि पालक असतात. मुलांचे नेमके कोठे अडते हे त्यात नसते, कारण ते विचारलेले नसते. शिवाय ज्याला आपले काय होईल याची धास्ती आहे तो चिमटा पडल्याचे सांगत नाही. मुल्कोवालचा चिमटा पडल्याचे कळले, कारण कोणीतरी ते सांगितले होते. ते सांगितले गेलेच नसते तर रॉस यांच्या हाती काय राहिले असते? केंद्राच्या बैठकीत एखाद्या शिक्षकाने 'माझ्या वर्गातील नऊ मुलांना जोडाक्षरे वाचता येत नाहीत' असे स्वतः होऊन म्हटले आणि त्यावर त्याचीच झडती सुरू झाली, तर पुढल्या बैठकीत सर्वांच्या वर्गांतील सर्व मुलांना जोडाक्षरे येऊ लागतात. कागदावरील ही प्रगती जिल्ह्याला फार महाग पडते.

मुले हे सर्व लहानपणीच शिकतात, आणि बहुधा वर्गातच शिकतात. खिडकीची काच फुटते, माठ कलंडतो, नकाशा फाटतो. गुरुजींच्या किंवा बाईंच्या तोंडून पहिला शब्द निघतो, 'कोणी केले?' चाळीस बोटे वर होतात. ती बहुधा वर्गात ज्याचे मित्र कमी आहेत अशा मुलाकडे वळतात. मुल्कोवालच्या वेळी मोठ्यांची बोटे वळली होती तशीच. ज्याच्या हातून माठ खरोखर कलंडला तोही त्या चाळिसांत असतो. याउलट 'माठ कसा कलंडला?' असे विचारले, तर थोडा वेळ शांतता असते आणि मग एखादी मुलगी सांगते की, माठाखालची वीट हलते, कालही तो डुगडुगत होता. वीट बदलता येते. पहिल्या प्रश्नानंतर तीच मुलगी गप्प बसली असती. तिच्याच हातून तो कलंडला असण्याचा संभव होता.

गणिताच्या तासाला तर या प्रश्नाची किंमत पाटीवरच दिसते. तिसरीतील मुलगा ५२ मधून २७ वजा करतो आणि ३५ लिहितो. त्याच्या वहीत अशी पाच उदाहरणे चुकलेली असतात. शेरा पडतो, 'निष्काळजी'. पालकसभेत सांगितले जाते, 'घरी सराव घ्या.' पालक म्हणतात, 'शाळेत शिकवीत नाहीत.' साखळी हलू लागते. त्या मुलास जवळ बोलावून 'हे तू कसे केलेस ते मला करून दाखव' असे म्हटले, तर तो शांतपणे दाखवितो: सातातून दोन गेले, पाच, पाचातून दोन गेले, तीन. त्याने निष्काळजीपणा मुळीच केलेला नाही. त्याने एक नियम पाळला आहे आणि तो पाचही उदाहरणांत काटेकोरपणे पाळला आहे. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा, असे त्याला कोणीतरी शिकविले, आणि एक अंकी उदाहरणांत ते बरोबरही होते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो सातातून दोन काढतो. वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता याला त्याच्या नियमात जागाच नाही.

या मुलास घरी आणखी पन्नास उदाहरणे सोडविण्यास दिली तर तो चुकीचा नियम पन्नास वेळा घोटील. त्याऐवजी त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवाव्या आणि त्यांतून सत्तावीस काड्या उचलून देण्यास सांगावे. दोन गठ्ठे तो सहज देतो. मग सात सुट्या काड्या मागितल्या की त्याचा हात थांबतो, कारण पुढे सुट्या दोनच आहेत. त्या थांबण्यात घाई करू नये. बहुतेक मुले आपण होऊन एक गठ्ठा सोडतात. बारा सुट्या होतात, त्यांतून सात जातात, पाच उरतात, आणि दोन गठ्ठे शिल्लक राहतात. पंचवीस. मग पाटीवरील ३५ कडे तो स्वतःच पाहतो. दशक सुटा करून घेणे म्हणजे काय, हे शब्दांनी सांगण्याचे त्यानंतर फारसे उरत नाही. ते फक्त अंकांत कसे लिहावयाचे एवढे दाखवावे लागते.

पुढल्या आठवड्यात तोच मुलगा ४०३ मधून १२८ वजा करून २२५ असे उत्तर आणतो. त्याने शतक सुटे केले आहे, पण मधल्या शून्यावरून उडी मारून ते सरळ एककाच्या घरी नेले आहे. तेरातून आठ गेले, पाच. शून्यातून दोन जात नाहीत म्हणून दोन तसेच उतरविले. उरलेल्या तीनातून एक गेला, दोन. नियम पुन्हा त्याचाच, नवा. काड्यांची पेटी पुन्हा उघडावी, शंभराचा एक गठ्ठा त्याच्या हाती द्यावा, आणि हा कोणत्या घरात सोडावयाचा असे त्यालाच विचारावे.